खांबावर कपाळ आपटल्यानंतर

७ डिसेंबर १९६४, सोमवार. सकाळी विहिरीवरून पाणी भरत होते. मेहकरला मी एका खोलीत एकटी राहायचे, शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी बायकांच्या संघात खो-खो खेळायचे. दिवाळीनंतर सरावात वळसा घेताना लाकडी खांबावर कपाळ आपटलं होतं. टेंगूळ तेवढं आलं. पण उलट्या झाल्या, आणि मैदानावरून घरी कशी आले ते आजही आठवत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत मैदान बंद. मग आधी चालायचं, त्रास झाला नाही तर पळायचं, खांबाजवळचा खेळ सगळ्यात शेवटी. मध्येच दुखलं तर पुन्हा थांबायचं. पूर्ण बरं व्हायच्या आधी दुसरा मार बसला तर जिवावर बेतेल, हेही सांगितलं.

टेंगूळ उतरलं तशी विचारपूस करायला येणाऱ्याही यायच्या थांबल्या. संध्याकाळी मैदानावरचे 'खो'चे आवाज खोलीत ऐकू यायचे. मी दार लावून एकटीपुरत्या भाकरी थापायचे.

त्या सोमवारी संघाची कर्णधार विहिरीवर आली. ती आमच्याच शाळेतली, रोज माझ्याबरोबर डबा खाणारी. संक्रांतीच्या सामन्यांसाठी त्याच दिवशी नावं द्यायची होती. माझ्या डोक्यावर भरलेली घागर बघून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "घागर चालते तुले डोक्यावर, मंग खेळ काऊन चालत नाही? का खांबाले भेऊन राह्यली?"

बायका हसल्या. आमच्याकडे कसोटी हीच, डोक्यावर पाणी आणलं की बाई बरी. मीही तेच धरून चालले होते. घागर उतरवली तेव्हा कपाळात ठणका होता. रोज पाणी भरल्यावरच तो सुरू व्हायचा. मी मात्र अपुऱ्या झोपेला दोष देत होते.

"डोकं दुखते अजून. माझं नाव नको देऊ."

"मंग बस घरी," ती म्हणाली.

माझ्या जागी शाळेतल्याच दुसऱ्या एकीचं नाव गेलं. मधल्या सुट्टीत कर्णधार डबा घेऊन तिच्याजवळ बसली. मी माझा खाल्ला. समजावत बसण्यात अर्थ नव्हता. टेंगूळ सगळ्यांना दिसलं होतं, ठणका कुणाला दिसणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर पालथी घालून ठेवली आणि अर्धी अर्धी बादली हातानं आणली. खेपा दुप्पट झाल्या. विहिरीवर कुणी माझ्याशी बोललं नाही. मैदानाकडे मी गेले नाही.