थेंबभर साखरसाबण

नागावात आमच्याकडे पैसे देऊन राहायला पाहुणे येतात ते समुद्रासाठी, पण पुन्हा पुन्हा येतात ते सासूबाईंच्या तांदळाच्या भाकरीसाठी. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात फुटले. बोटांना अशा चिरा, की गरम उकड मळताना डोळ्यांतून पाणी यायचं. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नाही, नुसता साका होतो. म्हणून सासूबाई माशाची तेलकट भांडी बाजारातल्या एका जालीम पावडरीनं घासायच्या. "आता पाहुणे बंद करूया गो," एकदा म्हणाल्या, आणि मला रडूच आलं. एकटीनं उभं केलेलं होतं त्यांनी ते सगळं.

मी कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तिथं आम्ही साखर आणि खोबरेल तेलापासून साबणासारखा द्रव बनवतो. हातांना सौम्य, खारट पाण्यालाही बधत नाही. साहेबांना विचारून एक बाटली आणली आणि ऐटीत सासूबाईंना दिली. कामावरून आले की विचारायची, "कसं आहे?"

"झकास हाय!"

हात मात्र जास्तच फुटत गेले.

एका रविवारी मागच्या पडवीत गेले तर काय! बाईंनी बादलीभर पाण्यात त्या बाटलीतला एक थेंब जपून टाकला, भांडी त्यात धुतली आणि तीच भांडी परत पावडरीनं घासायला घेतली. माझा पारा चढला.

"अहो आई, एका थेंबानं काय होणार? या द्रवाचे थोडे कण असले की ते सुटे सुटे राहतात. पुरेसे झाले की घोळका करतात. साखरेची डोकी बाहेर पाण्याकडे, तेलाच्या शेपट्या आत. मग तेलकटपणा त्या घोळक्याच्या पोटात शिरतो. आणि निघत नव्हतं तर सांगायचं ना!"

त्यांनी मान खाली घातली. "तू तुझ्या हातानं बनवून आणलंस. न्हाय निघत, असं कुठल्या तोंडानं सांगू?"

माझं मन राखायला ही बाई महिनाभर फुटक्या हातांनी तीच भांडी दोनदा घासत होती. आणि मी मेली तिच्यावरच ओरडत होते.

त्या दिवसापासून टोपभर पाण्यात चमचाभर द्रव घालायचं ठरलं आणि पावडर मी फेकून दिली. चिरा भरायला दीड महिना लागला. मग एका सकाळी त्या पुन्हा भाकरी थापायला बसल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, माझं मन राखायला एवढं सोसलंत, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"मग आता खरं सांगू? तुझी आमटी रोज अळणी असते."