चुन्याचे हत्ती आणि मानसीची डिग्री

माझ्या मुलीच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर मी तिचा प्रकल्प रंगवून टाकला. ब्रशनं. दोन हात देऊन.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात आयुष्य गेलं. मूर्तींशी बोलावं लागत नाही, म्हणून बोलायची सवयही राहिली नाही. त्यामुळे ही गोष्ट मी आपणहून कुणाला सांगितलेली नाही. (मेव्हण्यानं सगळ्या रोह्याला सांगितली, ते वेगळं.)

मानसी मुंबईच्या कॉलेजात जुन्या वास्तूंचं जतन कसं करायचं ते शिकत होती. मला एवढंच कळलं होतं की काहीतरी जुनं असतं आणि ही ते मोजते. कारखान्यात कुणी विचारलं की मी "इंजिनीअरिंग" म्हणून मोकळा व्हायचो. शेवटच्या वर्षाला तिनं रोह्याची, म्हणजे माझ्या सासुरवाडीची विहीर घेतली. विहिरीच्या तोंडाशी दोन बाजूंना चुन्यात घडवलेले दोन हत्ती आहेत, कमरेएवढे. रंग कधीचाच उडालेला. कानामागे कुठे एखादा तांबूस ठिपका, तेवढाच. त्या ठिपक्यासाठी ही पोर भर उन्हात भिंग घेऊन बसायची. परीक्षक मॅडम स्वतः येऊन हत्ती बघणार होत्या, आणि मूळचा चुना जसाच्या तसा नसेल तर प्रकल्प बाद. म्हणजे वर्षच बाद.

हे शेवटचं मला नंतर कळलं.

मानसी प्रकल्पाची छपाई करायला मुंबईला गेली, तेव्हा बायको म्हणाली, "मॅडम येनार हायत. विहिरीकडं जाऊन झाडून तरी घ्या. पोरीच्या शिक्षनाला तुमचा कदी हात लागला नाय."

शब्द लागला. पिशवी उचलून गाडीत बसलो. झाडू मेव्हण्याकडे मिळणारच होता, म्हणून पिशवीत फक्त रंग होते. (रंग कशाला? डॉक्टर गावाला जाताना नळी घेतोच ना!) कासू स्टेशन जाईपर्यंत तरी माझ्या मनात काही नव्हतं.

झाडलं. शेवाळ काढलं. मग दिनेश, माझा मेव्हणा, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "भावजी, ह्ये हत्ती आंधळं दिसतात."

आता, मूर्तीचे डोळे रेखाटण्याला आम्ही आखणी म्हणतो. आखणी राहिलेली मूर्ती आमच्याकडे दाराबाहेर जात नाही. मी म्हटलं, नुसते डोळे काढू. मॅडमना बघायला काही हवं की नको?

डोळे काढले. पण त्या फिकट अंगावर ताजे डोळे आल्याबरोबर हत्ती दचकल्यासारखा दिसायला लागला. म्हणून अंगाला राखाडी दिला. राखाडी उदास वाटला, म्हणून पाठीवर लाल झूल. आणि लाल झुलीला सोनेरी काठ नसेल तर लोक कारखान्याला नावं ठेवतात.

"भावजी, दुसरा रुसंल."

"गप रे."

"नाय, नुसता सांगतो."

दुसराही झाला. सोंडेला गुलाबी शेडिंग, कपाळावर वेलबुट्टी, पायांत तोडे. इतकं मन लावून काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीनं फूल वाहिलं. (तेव्हा तरी थांबायला हवं होतं, पण तोड्यांचा दुसरा हात बाकी होता.)

दुसऱ्या दिवशी मानसी आली. मी खांद्यावर पंचा टाकून कौतुकाची वाट बघत उभा.

"बाबा, हे काय?"

"तुझे हत्ती गो, बाय."

"माझे हत्ती कुठायत?"

ती कठड्यावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं मला सगळं सांगितलं: मूळचा चुना म्हणजे काय, तो ठिपका म्हणजे काय, आणि बाद म्हणजे काय. मी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"पन काम झक्कास हाय," दिनेश म्हणाला.

"मामा, तुम्ही घरी जा."

मग तिनं विचारलं, "रंग कुठले होते?"

"पाण्यातले. सोनेरी सोडून."

"कागदाचा लगदा करता येईल?"

लगदा! निम्मे गणपती आम्ही लगद्याचे करतो. एवढ्या वर्षांत तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर मला येत होतं. ओला लगदा रंगावर बसवायचा, सुकू द्यायचा, सुकताना तो रंग ओढून घेतो, असा तिचा हिशेब. मी सवयीनं लगदा दाबून त्याला आकार द्यायला लागलो, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "हळू. गणपती नाही करायचाय." ज्या हातांना कारखान्यातली पोरं चळाचळा कापतात, त्या हातांवर! मी निमूटपणे हळू केलं. परीक्षेच्या दिवसापर्यंत ती बोटभर जागा करायची, भिंगातून बघायची, मान हलवायची आणि मगच पुढे. राखाडी गेला, गुलाबी गेला, लालही कुरकुरत गेला. कानामागचा ठिपका दिसला तेव्हा बापलेक दोघंही विहिरीशेजारी खाली बसलो. सोनेरी काठ मात्र हटला नाही.

मॅडमना तो लगेच दिसला. "हे कुणी केलं?"

मी दिनेशच्या मागे सरकलो. मानसी म्हणाली, "माझ्या बाबांनी. पण चूक माझी आहे, मॅडम. मी वर्षभर हत्ती मोजले. हे का जपायचं, ते घरात एकदाही सांगितलं नाही."

वर्षभर मी तरी कुठे विचारलं होतं? मी दिनेशच्या मागून बाहेर आलो आणि म्हणालो, "मॅडम, तिला विचारा रंग कसा काढला ते."

त्यांनी विचारलं. मानसी चुन्याबद्दल, पाण्याबद्दल, लगद्याबद्दल बोलत राहिली आणि मॅडम लिहून घेत राहिल्या. माझी पोर बोलतेय आणि परीक्षक लिहून घेतायत! काठ सोडला तर मूळचा चुना शाबूत होता; मानसी पास झाली, पहिल्या वर्गात. आता कुणी विचारलं की मी तिच्या डिग्रीचं अख्खं नाव सांगतो, समोरचा कंटाळेपर्यंत.

पुढे मॅडमनी मला कॉलेजात बोलावलं, पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर बोलायला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. एका मुलीनं विचारलं, "काका, रंगवताना तुम्हाला काय वाटत होतं?" मी खरं ते सांगितलं: "फार बरं वाटत होतं." मॅडम फळ्याकडे वळल्या. जुन्या वास्तूंना असलेले धोके त्यांनी आधीच लिहून ठेवले होते: पाऊस, खारी हवा, झाडांची मुळं. त्याखाली त्यांनी लिहिलं: वडील.

मी फळ्याचा फोटो काढून आणला. कारखान्यात लावलाय, फ्रेम करून.