गुळवेल ओळखली शेळीनं

मंडळी, आज सकाळी मी पप्पांना मनी प्लांटचा काढाच पाजणार होते!

पप्पांना कालपासून कणकण. चिकलठाण्यात आमच्या बिल्डिंगमागं कडुलिंबावर चढलेली वेल मी गुळवेल समजून तोडली. तेवढ्यात शेळ्या घेऊन निघालेल्या सखूमावशी थांबल्या.

"अगं पोरी, ही गुळवेल नाय, मनी प्लांट हाय. बघ, शेळी बी तोंड लावंना!"

खरंच, शेळीनं हुंगलं आणि मान फिरवली. मावशी लई हसल्या. पप्पांच्या तापाचं सांगितल्यावर पलीकडची खरी गुळवेल दाखवून म्हणाल्या, "तापाला चांगली हाय. पण पप्पाला शुगरची गोळी हाय ना? मग डॉक्टरला विचारून दे. हिनं शुगर अजून उतरती."

घरी सगळं सांगितलं. पप्पा म्हणाले, "बीएस्सी तू केलीस, पास शेळी झाली!"

आता दोघं दवाखान्यात नंबर लावून हसतोय. खरं सांगा, पाला तोडायच्या आधी तुम्ही कुणाला विचारता?