धवलारिणीच्या हिरड्या

हिरड्यांच्या आजारांचं शिक्षण घेत होते त्या दुपारी आठवल्या की मला आधी उजेड आठवतो. भिवंडीतल्या आमच्या दवाखान्याच्या खिडकीला फिकट हिरवा कागद चिकटवलेला होता, त्यामुळे आत बसलेलं प्रत्येक माणूस पाण्याखाली असल्यासारखं दिसे. खालच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट इतका एकसारखा चाले, की थोड्या वेळानं तो ऐकूच येत नसे. लाईट गेली की मात्र त्या शांततेनं दचकायला होई.

आमचा अभ्यास दातांना मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावणाऱ्या बायकांवर होता. आजारी हिरडी दातापासून सुटत जाते, मध्ये फट तयार होते, आतलं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. दुखत फारसं नाही, म्हणून बायका यायच्या त्या उशिराच. हिरडीच्या आतून दात नीट साफ केल्यावर त्या फटीत औषधाचं जेल भरलं, तर नुसत्या सफाईपेक्षा जास्त गुण येतो का, एवढंच आम्हाला पाहायचं होतं. प्रत्येकीच्या तोंडात एका बाजूला जेल, दुसऱ्या बाजूला नुसती सफाई. जेल माझा सहकारी भरायचा. मी फक्त मोजायची, आणि जेलची बाजू कोणती हे मला कळू द्यायचं नाही, असा नियम होता.

ज्यांना मी पुढं मावशी म्हणू लागले, त्या भेटल्या भिवंडीजवळच्या काल्हेरला, दात तपासणीच्या शिबिरात. गोदामांच्या रांगेमागे देवळाचा हॉल होता आणि बाहेर मागे येणारे ट्रक पीं-पीं करत होते. गुडघ्यापर्यंत कसलेलं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या. खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडण्याआधी म्हणाल्या, "बाय, दात कारनार न्हाय ना?"

"का हो मावशी?"

"मी धवलारीन हाय. दात गेलं तं शब्द कुठं टेकवू?"

आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला धवलारिणीचं गाणं लागतं. ती गाते तेव्हाच लग्न पुढं सरकतं. मावशींना ती गाणी आत्याकडून मिळाली होती, सगळी तोंडपाठ. पण पुढचे दात हलायला लागल्यापासून त्यांनी लग्नाचं बोलावणं घेणं बंद केलं होतं. "'त' बोलायला जाते नं नुसता वारा सुटते," त्या म्हणाल्या, आणि पदरानं ओठ झाकून घेतले.

मी त्यांना सगळं समजावलं. अभ्यासात यायचं की नाही ते तुमच्यावर, मधेच सोडलंत तरी उपचार होतीलच, हेही सांगितलं. त्या यायला लागल्या.

मोजमाप म्हणजे बारीक खुणा असलेली सळई प्रत्येक दाताभोवती हलकेच हिरडीत उतरवायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. पाच, तीन, सहा, पाच. उकाड्यात ते आकडे मला माझ्याच आवाजात दुरून ऐकू येत. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की आकड्यांच्या ठेक्यावर मावशींच्या घशात काहीतरी घुमतंय. डोळे मिटलेले, तोंड उघडं, शब्द नाहीत, फक्त चाल. मी थांबले की चालही थांबे. मग मी थांबायचं टाळू लागले. आकडे लिहून घेणाऱ्या नर्सनं वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

सफाईनंतर काही दिवसांनी मावशी तणतणत आल्या. "काय केलंस गो? आधी दात हलत व्हतं, आता तं फटीच पऱ्ल्या. सगला वारा त्यातनंच जाते!"

दातांवरचा दगडासारखा थर निघाला की असं होतं. त्या थरानंच दात एकमेकांना धरून असतात आणि दातांमधल्या फटी बुजलेल्या असतात. मी ते सांगितलं. "हिरडी आवळायला वेळ लागेल मावशी. पण मिश्री सोडावी लागेल."

"नं मंग हे भरंल?"

"फट पूर्ण भरणार नाही. दात घट्ट होतील, असं वाटतं."

"वाटतं?"

"हो. खात्री असती तर अभ्यास कशाला केला असता?"

 त्यांनी कमरेची मिश्रीची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेल्या. पुढच्या खेपेला बडीशेप चघळत आल्या. डोकं दुखतं, सुनेवर उगाच ओरडते, म्हणाल्या. पण डबी परत मागितली नाही.

खालचा एक दात तरीही वाचला नाही. तो मला काढावा लागला. मावशींनी त्या जागी जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "एकच ना? जाऊ दे."

बाकीचे राहिले. हिरड्यांचा काळपट, सुजलेला रंग उतरत गेला आणि सळई पूर्वीइतकी आत जाईनाशी झाली. अभ्यास संपून बाजू उघड झाल्या तेव्हा सगळ्या बायकांचं मिळून उत्तर साधंच निघालं: दोन्ही बाजू सुधारल्या होत्या, जेलच्या बाजूला किंचित जास्त. सहकारी हिरमुसला. मला वाईट वाटत नव्हतं, पण आनंद नेमका कशाचा होतोय, तेही सांगता आलं नसतं.

त्याच हिवाळ्यात मावशींनी एका लग्नाला बोलावलं, त्या गाणार होत्या. दोन गोदामांच्या मधल्या मोकळ्या जागेत मांडव होता. सकाळचं धुकं खाडीवरून येऊन पत्र्यांवर टेकलं होतं आणि हळदीचा वास त्यात अडकून राहिला होता. मावशी नवरीशेजारी बसून गात होत्या. आवाज जाड, संथ, कुठंही घाई नाही. एका ठिकाणी शब्द निसटला. त्या हसल्या, ओळ पुन्हा धरली, आणि मागच्या बायकांनी ती उचलली. मला गाण्यातलं निम्मंही कळत नव्हतं. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. कुणीतरी हाताला धरून मला खुर्चीवर बसवलं आणि गालाला हळद लावली.

हिरड्यांचा आजार एकदा बरा होऊन संपत नाही, म्हणून मावशी अजूनही अधूनमधून सफाईला येतात. आता सोबत गावातल्या एक-दोन बायका असतात. त्यांना घाबरू नका म्हणून सांगतात आणि स्वतः खुर्चीत आडव्या झाल्या की लगेच झोपी जातात. मी आरसा हातात धरून थोडा वेळ तशीच बसते. उठवायची घाई नसते.