हार्ट अटॅक म्हणून सांगायचं

बिबवेवाडीचं घर सोडलं त्या सकाळी टेम्पोवाल्याने दोनदा विचारलं, "मॅडम, अजून कोणी खाली येणार आहे का?" मी म्हटलं, "नाही, निघा." एक कपाट, माझ्या मुलीचं अभ्यासाचं टेबल, भांड्यांची दोन खोकी आणि प्रशांतची पुस्तकं, एवढंच सामान होतं. वर गॅलरीत सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला नाही, पण आतही गेल्या नाहीत. सासरे हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. माझी जाऊ मनीषा त्या दिवशी मुद्दाम लवकर ऑफिसला निघून गेली होती. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "हिंजवडीला का? म्हणजे परगावच की," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. का चाललोय ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं. सगळ्या सोसायटीला माहीत होतं.

माझा नवरा प्रशांत आत्महत्या करून गेला. हे वाक्य आज मी सरळ लिहिते. तेव्हा ते म्हणायची मला परवानगी नव्हती.

प्रशांत एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. मुलांना इतकं हसवायचा, की शेजारच्या वर्गातले सर तक्रार करायचे. त्याला डिप्रेशन होतं. काही वर्षं उपचार चालू होते. कधी चार महिने छान जायचे, तर कधी आंघोळीला उठणंही त्याला जड व्हायचं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे, त्यांना आम्ही पप्पा म्हणतो, स्वतः दोनदा त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. मनीषा तर माझ्याशिवाय त्याचं सगळ्यात जास्त करायची. ती माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. धाकट्या दिरासाठी तिचं स्थळ मीच सुचवलं होतं. दोघी एका घरात राहू, याचा मला कोण आनंद झाला होता!

तो गेला त्या आठवड्यात त्याने आमच्या मुलीला, संघमित्राला (घरात आम्ही तिला मित्रा म्हणतो), रविवारी कात्रजच्या सर्पोद्यानात नेण्याचं कबूल केलं होतं. तिने मैत्रिणींना सांगूनही ठेवलं होतं. रविवार उजाडला तेव्हा आमच्या घरात पांढरे कपडे घातलेली माणसं बसली होती. आजारी माणसावर रागवू नये, हे मला कळतं. डॉक्टरांनीही समजावलं, की त्या घडीला त्याला बाकी काहीच दिसलं नसेल. तरी मला वाटतं, त्याने मला फसवलं. सकाळी चहा पिताना तो "आज जरा बरं वाटतंय" म्हणाला होता. ते बरं वाटणं खरं होतं की माझ्यासाठी होतं, हे मला कधीच कळणार नाही.

तो गेला त्या दिवशी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये पप्पांनी मला बाजूला घेतलं. "वैशाली, बाहेर सगळ्यांना हार्ट अटॅक म्हणून सांगायचं. उद्या मित्राचं लग्न व्हायचंय." मित्रा तेव्हा पाचवीत होती.

पप्पा सरकारी खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. वस्तीतल्या एका खोलीत रस्त्याच्या दिव्याखाली शिकलेला माणूस. "आपण शिकलो ते मान वर करून खरं बोलता यावं म्हणून," हे त्यांचं वाक्य मी लग्न होऊन सोलापूरहून आले त्या पहिल्याच महिन्यात ऐकलं होतं, आणि मला या घराचा अभिमान वाटला होता. त्या दिवशी तेच मला खोटं बोलायला सांगत होते. तरी मी मान डोलावली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. वंदना झाली. सगळ्यांनी पंचशील म्हटलं, त्यात खोटं न बोलण्याचं शीलही म्हटलं. मग माईक हातोहात फिरला आणि जो तो 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' म्हणत गेला. एका मामांनी तर तेलकट खाण्यावर बराच वेळ मार्गदर्शन केलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. ज्या आजाराने माझा नवरा गेला, त्याचं नाव त्या हॉलमध्ये एकदाही निघालं नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून वेगळ्याच कुणाला तरी आदरांजली वाहिली.

खोटं तेवढ्यावर थांबलं असतं, तर कदाचित मी त्या घरात राहिलेही असते. पण माईकवर एक कारण होतं आणि स्वयंपाकघरांत दुसरं. काही महिन्यांनी मित्रा शाळेतून आली आणि दप्तर न काढताच उभी राहिली. "आई, सई म्हणाली बाबांनी सुसाईड केलं. तुझ्याशी भांडून. तिच्या मम्मीला आपल्या काकूने सांगितलं."

काकू म्हणजे मनीषा.

पप्पा जेवत होते. "खोटं आहे ते. जेवायला बस," म्हणाले. मी मित्राला जवळ घेतलं आणि म्हटलं, "भांडणाचं खोटं आहे. पहिलं खरं आहे. बाबांना मनाचा आजार होता, खूप मोठा. त्यात तुझी चूक नाही, माझीही नाही." ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलं?" पप्पा ताटावरून उठले. "या घरात राहायचं असेल तर हा विषय काढायचा नाही."

"मग नाही राहत, पप्पा."

मनीषाला मी त्याच संध्याकाळी विचारलं. ती ओट्याशी उभी राहून कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत. "लोक खोदून खोदून विचारत होते गं. मी काय सांगू? आमच्या घरात असला आजार आहे म्हणून? मलाही मुलगा आहे." मला समजायला क्षणभर वेळ लागला. आजार रक्तातला ठरला असता तर तिच्या मुलाला चिकटला असता. भांडण मात्र सुनेचं असतं. मी दुसऱ्या घरातून आलेली, माझ्यावर ढकललं की घर स्वच्छ. प्रशांतने जेवण सोडलं होतं तेव्हा त्याच्या उशाशी बसून भरवणारी हीच मनीषा. तिला सगळं माहीत होतं. परक्या माणसाने माझं नाव घेतलं असतं तर मी दोन दिवसांत विसरले असते.

हिंजवडी मला नवी नव्हती. कित्येक वर्षं कंपनीच्या बसने रोज येत होते, टेस्टिंग टीमला आहे. पण तिथे राहणं वेगळं. चहूकडे टॉवर, क्रेन, खांद्याला लॅपटॉप लावलेली पोरं. ऑफिसात सगळे सभ्य. मॅनेजर म्हणाला, "टेक युअर टाइम," आणि कामं वाटायच्या रोजच्या स्टँडअप कॉलला माझ्या वाटचे टास्क गुपचूप कमी केले. प्रशांतबद्दल कुणी काहीच विचारलं नाही. बिबवेवाडीत मागून बोलायचे, इथे कुणी बोलतच नव्हतं.

विचारलं ते घरमालकीण शांताकाकूंनी. त्यांच्या भाताच्या शेतावर आता बिल्डिंगा आहेत, पण दारात म्हैस आहेच. पहिल्याच आठवड्यात दूध घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मालक कुटं असत्यात?"

"नाहीत, काकू. त्यांनी आत्महत्या केली."

अनोळखी माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. आता खोली सोडायला सांगतील, असं वाटलं. त्या दारातच खाली बसल्या. "लेकराला म्हाईत हाय?"

"हो."

"बरं केलंस. माजा धाकला दीर असाच गेला. घरात त्याचं नाव काढायची सोय न्हाय. फोटोबी लावला न्हाय." मग त्यांनी त्याचं नाव सांगितलं, तो बैलांना कशी हाक मारायचा ते सांगितलं. दूध तसंच राहिलं. मी पहिल्यांदा कुणासमोर मोकळेपणाने रडले.

पहिल्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला या, म्हणून दिराचा फोन आला. कार्यक्रम बिबवेवाडीच्या घरीच होता. आम्ही गेलो. तीच माणसं, तेच शब्द. शेवटी कुणीतरी कौतुकाने मित्राकडे माईक दिला. मी तिला काही शिकवलं नव्हतं. ती म्हणाली, "माझे बाबा फिजिक्स शिकवायचे. त्यांना डिप्रेशन होतं. ते आत्महत्येने गेले, हार्ट अटॅकने नाही. आई त्यांच्याशी भांडली नव्हती. मला ते खूप आवडतात." आणि तिने माईक खाली ठेवला.

पप्पा उठून गॅलरीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. आणि वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या सासूबाई "माझा प्रशांत गं" म्हणून हंबरडा फोडून रडल्या.

निघताना मनीषा गेटपर्यंत आली. "वैशू, माझं चुकलं."

"ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग, की ते खरं नव्हतं. मग ये."

ती अजून आलेली नाही. पप्पा सणावाराला मेसेज पाठवतात, मी 'जय भीम' असं उत्तर देते. त्यापलीकडे आमच्यात काही नाही. त्यांच्याही पोटचा मुलगा गेलाय, हे मला कळतं. माफ मात्र करता येत नाही.

सासूबाई मात्र येतात. दोन बस बदलून, घरी विहाराला जाते म्हणून सांगून. आमच्या छोट्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसतात आणि लहानपणच्या प्रशांतबद्दल एखादी गोष्ट सांगतात. मित्रा ऐकते. तो बोलायला उशिरा शिकला होता, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. या भाड्याच्या जागेला मी घर म्हणते, कारण इथे तो जसा होता तसा बोलण्यात येतो. हसवणारा, आजारी, आणि आम्हाला न सांगता गेलेला.

गेल्या खेपेला मित्रा खाली खेळायला गेल्यावर त्यांनी कप बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुला राग येतो का गं त्याचा?"

"येतो, आई."

त्यांनी रिकामा कप माझ्याकडे सरकवला.

"मलाही," म्हणाल्या. मग मी पुन्हा चहा टाकला.