नत्थूजींचा बारा व्होल्टचा फ्रिज

कळमन्याच्या यार्डात कोण्याही ट्रकवाल्याला विचारा, गाडीची लाइट आपोआप जाते-येते, कोणाला दाखवू? दहातले आठ जण गाड्यांची वायरिंग करणाऱ्या नत्थूजींचं नाव सांगतील. उरलेले दोघं त्यांच्याशी भांडून बसलेले असतील. हाताला जेवढी सफाई, तेवढीच जिभेला अकड. चौतीस वर्षांत या माणसाने "माझं चुकलं" एवढे दोन शब्द काही तोंडातून काढले नाहीत. फ्यूज उडाला तर उंदराने वायर कुरतडली, हॉर्न बसला तर ड्रायव्हरने पाणी मारलं, आणि काहीच सापडलं नाही तर गिऱ्हाइकाचे ग्रह वाईट. पडलो तरी नाक वर, अशातली गत.

अशा माणसाने यंदा मे महिन्यात, नागपूर तव्यासारखं तापलेलं असताना, बायकोला घेऊन मेळघाटात मुक्कामाला जायचं ठरवलं. लॉज नाही, हॉटेल नाही. जुन्या बोलेरोत मागे गादी टाकायची, छोटी गॅसशेगडी घ्यायची आणि चंपतराव नावाच्या ओळखीच्या ट्रकमालकाच्या शेतात दोन रात्री काढायच्या. हट्ट तसा शामलाबाईंचा होता. "मले एकदा अशा जागी न्या जिथं दाराची बेल वाजत नाही," त्या म्हणायच्या. "तीस वर्षं झाले, कोणी ना कोणी येतच राह्यते. च्या ठेव, पाणी दे, च्या ठेव."

अडचण एकच होती. शामलाबाईंना रोज दोनदा इन्सुलिन लागायचं, सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. ती शिशी थंड राहिली पाहिजे. उन्हात उभ्या गाडीत ती राहिली की औषधाचं पाणी झालंच समजा. हे नत्थूजींना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्याइतकं ते कोणालाच माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वर्ध्याला पुतण्याचं लग्न होतं. शामलाबाईंनी उतरताना सांगितलं होतं, "माही इंजेक्शनची पिशवी आत आणजा." नत्थूजी हाव म्हणाले, मग व्याह्यांच्या गराड्यात सापडले आणि पिशवी दुपारभर गाडीतच राहिली. चारच्या सुमाराला आठवण झाली तेव्हा शिशी हाताला चटका देत होती. त्यांनी ती नळाखाली धरली, पुसली आणि मुकाट्याने नेऊन दिली. शामलाबाईंनी त्याच शिशीतून दोन दिवस इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांना नागपुरात आयसीयूत टाकावं लागलं. चार दिवस जीव टांगणीला. आणि नत्थूजींनी काय केलं? गल्लीच्या तोंडाशी भैय्याजीचं मेडिकल आहे, तिथे जाऊन भर चौकात त्याची आई-बहीण काढली, "खराब माल देऊन माह्या बायकोले मारतं का बे!" भैय्याजी बिचारा बिल दाखवत राहिला, तारीख दाखवत राहिला. तेव्हापासून त्या दुकानाची पायरी घरातलं कोणी चढलं नाही.

खरं काय ते एकट्या नत्थूजींना ठाऊक. चोराच्या मनात चांदणं. म्हणून तर ही ट्रिप आणि म्हणून तो फ्रिज. जे तोंडाने बोलता येत नव्हतं ते हा माणूस वायरने जोडून दाखवणार होता.

फ्रिज निवडायला त्यांनी पंधरा दिवस लावले. सीताबर्डीत एका स्टॉलवर हलका, स्वस्त डबा होता. बटण दाबलं की थंड, दुसरं दाबलं की गरम. दुकानदार म्हणाला, "काकाजी, मस्त चीज है, लायटरच्या सॉकेटमध्ये घुसवा अन् विसरून जा." नत्थूजींनी त्याला एकच प्रश्न विचारला, "बाहेर शेहेचाळीस असलं तर आत किती?" दुकानदार हसायला लागला. असले डबे बाहेरच्यापेक्षा फार तर अठरा-वीस डिग्री खाली उतरतात. म्हणजे आत सव्वीस-अठ्ठावीस. कोल्ड्रिंकला चालेल, औषधाला नाही. शेवटी घरच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेला, तीस लिटरचा, बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज घेतला. तो बाहेर कितीही तापो, आत सांगाल तो आकडा धरतो.

मग जोडणी. लायटरच्या सॉकेटला त्यांनी हातही लावला नाही. तिथली वायर दोऱ्यासारखी बारीक, फ्रिजपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज अर्ध्या वाटेत दम टाकतं, आणि चावी काढली की सॉकेटच मुकं होतं. त्यांनी मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवली. इंजिन चालू असलं की ती भरेल, बंद असलं की फक्त फ्रिजला पुरेल, म्हणजे सकाळी गाडी स्टार्ट व्हायची बॅटरी तिकडे सुरक्षित. जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज, सगळं चोख. तीन दिवस गाडी भर उन्हात उभी करून आत थर्मामीटर ठेवला. आकडा पाचावरून हलला नाही. धरमपेठेतला पियूष नावाचा इंजिनिअर त्यांच्याकडून असलीच जोडणी करून घ्यायला यायचा. तो म्हणाला, "काका, पाच म्हणजे पाच. मग हात लावू नका." नत्थूजी नुसते हसले. या एसीतल्या माणसाने आपल्याला शिकवावं!

पहाटे पाचला निघाले. शामलाबाईंनी इंजेक्शन घरीच घेतलं होतं. दोन्ही शिश्या, चालू आणि जास्तीची, फ्रिजच्या तळाशी. परतवाड्याला पोचेस्तोवर अकरा वाजले. तिथे शामलाबाईंनी ताकाची बाटली आणि अर्धं टरबूज घेऊन फ्रिजमध्ये ठेवलं. थोड्या वेळाने नत्थूजींनी पाहिलं तर आकडा अकरा!  गरम टरबूज ठेवलं, झाकण उघडं राहिलं म्हणून चढला होता, थोड्या वेळात आपोआप उतरला असता. पण वर्ध्याची ती तापलेली शिशी त्यांच्या तळहाताला अजून चटका देत होती. घाट चढेस्तोवर इंजिन चालू आहे, तोवर थंडी साठवून घेऊ, असा त्यांनी हिशेब केला आणि बटण दाबत गेले. शून्य. मायनस चार. मायनस आठ.

अहो, नागपूरच्या माणसाला मे महिन्यात कोणी सांगितलं तरी पटेल का, की थंडीने नुकसान होतं?

शेत छान होतं. आंब्याची सावली, खाली ओढ्याचं डबकं, मोबाइलला रेंज नाही. शामलाबाई जेवून झाल्यावर दरीकडे पाहत बसल्या, आणि दोन तास कोणी त्यांना चहा मागितला नाही. नत्थूजींनी फ्रिजचा मायनसमधला आकडा पाहिला, छाती फुगवली आणि आडवे झाले.

जाग आली तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. शामलाबाई शेगडी पेटवत होत्या. "साखर पाहिली मशीनवर," त्या म्हणाल्या. "तीनशे दहा आली. मले तहान लय लागून राहिली. माही शिशी काढून द्या, इंजेक्शन घेते अन् मग पोळ्या टाकते."

नत्थूजींनी झाकण उघडलं. ताकाची बाटली दगड झाली होती. "पाह्य वं!" ते ओरडले. "भर मे महिन्यात बर्फ! माही जोडणी हाय ही!" आणि हसत हसत त्यांनी खाली हात घातला.

शिशी हलवली, आत काही हललं नाही. पांढरा गोळा. दुसरी काढली. तीही तशीच.

घरी कोणी चुकून शिशी बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवली तर शामलाबाई केवढ्या ओरडायच्या! गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी मेलेलंच असतं, हे डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं होतं. नत्थूजी गाडीच्या आड वळले. शिशी दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागले. पाच मिनिटांत गोळा सुटला, औषध पुन्हा पहिल्यासारखं दुधाळ दिसायला लागलं. काचेला चार-दोन कण चिकटले होते, पण ते या उजेडात कोणाला दिसणार? शामलाबाई तिकडे कणीक मळत होत्या. शिशी द्यायची, एवढंच. उद्या काही झालं तर फ्रिजवाला आहेच, कंपनी आहेच.

हे मनात आलं आणि शिशी घेऊन निघालेले ते जागीच थांबले. साला, आपण परत तेच करून राहिलो!

"सापडली का?" तिकडून हाक आली.

  शेवटी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही शिश्या पुढे धरल्या. "देऊ नाही शकत तुले. दोन्हीचा बर्फ झाल्ता. म्या फ्रिज मायनस आठवर टाकला." थांबले. "फ्रिज बराबर हाय, जोडणी बराबर हाय. माहं चुकलं."

शामलाबाईंनी कणकेचे हात तसेच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, ताप आलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाल्या, "जंगलाचा नाका किती वाजता बंद होते?"

खालचा जंगलखात्याचा नाका साडेसातला बंद होणार होता. एकदा बंद झाला की सकाळपर्यंत वरच. आणि तीनशे दहा साखर घेऊन सकाळपर्यंत! कणीक तिथेच राहिली, शेगडी तिथेच राहिली. शामलाबाईंनी दुपारच्या उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधल्या आणि गाडीत बसल्या.

तो घाट नत्थूजींना जन्मात कधी इतका लांब वाटला नव्हता. वळणावर वळण, उजेड भराभर उतरत चाललेला. मध्येच गाईंचा कळप आडवा, गुराख्याला काही घाई नाही. "हाक ना गा लवकर!" नत्थूजी कळवळून ओरडले. शामलाबाई बाटलीनं पाणी पीत होत्या आणि पुन्हा पुन्हा पीत होत्या. दर दोन मिनिटांनी नत्थूजी विचारायचे, "कशी हायस?" एकदा त्या चिडल्याच. "रस्त्याकडं पाहा, माह्याकडं नका पाहू. दरीत घातली तर इन्सुलिन कायले पाहिजे?"

नाक्यावर पोचले तेव्हा शिपाई बांबू खाली ओढत होता. नत्थूजींनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. शिपायाने घड्याळ पाहिलं, शिवी दिली आणि बांबू वर केला.

परतवाड्यात पहिलं मेडिकल बंद. दुसऱ्याचं शटर अर्धं खाली. नत्थूजी वाकून तसेच आत शिरले. काउंटरमागच्या बाईंनी चिठ्ठी पाहिली, फ्रिजमधून शिशी काढली आणि सहज विचारलं, "पहिलेची काय झाली? कोणत्या दुकानची होती? काही काही जण मालच खराब देतात, काका."

चांगली उघडी वाट होती. चौतीस वर्षं ज्या वाटेने नत्थूजी निघून जायचे तीच. "माल चांगला होता," ते म्हणाले. "म्याच नासवला."

शामलाबाईंनी दुकानाच्या बाकावरच इंजेक्शन घेतलं. शटर पडलं. दोघं बाहेर पायरीवर बसले. अर्ध्या तासाने शामलाबाईंनी फडकं सोडलं आणि पोळी लोणच्याशी खायला घेतली. आता धोका टळला होता. आता बोललं नाही तरी चाललं असतं. पण एकदा सुटलेली जीभ नत्थूजींना आवरेना.

"शामले."

"हं."

"वर्ध्याच्या वक्ताले भैय्याजीचा माल खराब नव्हता. थी पिशवी म्या गाडीतच ठेवली होती. दुपारभर. शिशी तापली होती, म्या नळाखाली धरून तुले आणून देल्ली." ते पुढे बोलले. "तू मरता मरता वाचली, थे माह्यापायी."

आता ही ओरडेल, उठून जाईल, काहीही करेल, म्हणून ते मान खाली घालून बसले. शामलाबाई ओरडल्या नाहीत. हातातला घास त्यांनी परत फडक्यावर ठेवला.

"तुमच्यापायी?" त्या म्हणाल्या. "मले तं वाटून राहिलं होतं का माह्यापायी."

"तुह्यापायी काहून?"

"लगनात म्या गुलाबजाम खाल्ला होता. आयसीयूत डॉक्टरनं विचारलं, बाई, गोड खाल्लं का? म्या नाई म्हटलं. इकडं तुमी भैय्याजीले शिव्या देऊन राहिले होते, अन् मी तिथं पडल्या पडल्या देवाले सांगून राहिली होती, आता जन्मात गोड तोंडात घालणार नाई. त्या माणसावर आळ आला, तरी मी बोलली नाई. भ्याव वाटलं. दोन वर्षं त्याच्या दुकानासमोरून जाताना मी पदर डोक्यावर घेऊन जाते."

नत्थूजींना मयुराच्या, त्यांच्या लेकीच्या वाढदिवसाचा केक आठवला. पाडव्याचं श्रीखंड आठवलं. प्रसादाचा पेढासुद्धा बाई हातात घेऊन दुसऱ्याला देऊन टाकायची, आणि आपल्याला वाटायचं, डॉक्टरचं कित्ती ऐकते. 

आयसीयूत जी बाई रडली नव्हती, ती परतवाड्याच्या बंद दुकानापुढे पदराने डोळे पुसत होती.

"एकच होता वो," ती म्हणाली. "अन् थो बी तुमीच माह्या पानात टाकला होता."