पंधरा मिनिटं थांबणारे मधुभाऊ

मुलीसाठी घेतलेला नवा कॉम्प्युटर मी एका दुपारी आठ-दहा वेळा तापवला, आणि तेही तो थंड झाला की नाही हे बघण्यासाठी. मशीन सुरू करताना एक बटण दाबलं की सेटिंगची स्क्रीन उघडते. तिथे प्रोसेसरचं तापमान साठ अंश दिसलं. साठ! इतकं तर आमच्या ग्वाल्हेरचा मे महिनाही तापत नाही. मी घाईने मशीन बंद केलं, टेबलफॅन लावला, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलं. परत साठ. परत बंद. चार वाजेपर्यंत हाच उद्योग. शेवटी मुग्धाने, म्हणजे माझ्या मुलीने, नई सडकवरच्या मधुभाऊंना फोन केला.

मधुभाऊ दळवी आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर करू लागले. साठीचे, सडपातळ. आमचे तीन जिने चढून आले, खुर्चीत बसले आणि मशीनला हातच लावेनात.

"चालू करा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. पहले उसको बैठने तो दो."

"अहो, पण साठ अंश!"

"साहेब, मी आत्ता तीन जिने चढलोय. आत्ता माझी नाडी बघाल तर मलाही बंद कराल."

मग त्यांनी मुग्धाला समजावलं. सुरू होताना बिचाऱ्याला सगळं सामान एकदम उचलावं लागतं. आणि त्या सेटिंगच्या स्क्रीनवर त्याला बसायची सोयच नसते, काम नसलं तरी ताठ उभा. पुढे नेहमीची स्क्रीन आली, हातातलं काम संपलं, की तो आपणहून वेग कमी करतो, मग आकडा उतरतो. पंधरा मिनिटांनी नेहमीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा बेचाळीसवर आला.

"तुम्ही काय केलंत, झोप लागली का हे बघायला त्याला दर दहा मिनिटांनी हलवून उठवलंत."

मुग्धा खळखळून हसली. ती मला नेहमीच हसते, पण दुसऱ्या कोणाच्या बाजूने हसली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

तोवर आमच्या घरात ग्रहण का लागतं, कुकरची शिट्टी का वाजते, हे सगळं खातं माझ्याकडे होतं. येत नसेल ते मी जरा मोठ्या आवाजात सांगत असे. आता मुग्धा म्हणू लागली, "रहने दो बाबा, मधुकाकांना विचारते." विजेचं बिल का वाढलं हेसुद्धा काकांना! ते आले की आमची ही पोह्यांत काजू घालायची. माझ्या बशीत शेंगदाणे.

मी संधी शोधत होतो. एकदा पाहिलं, मशीन नुसतं चालू आहे, कोणी हात लावलेला नाही, तरी आकडा चाळीसवरून पंचावन्नवर उडी मारतो आणि पुन्हा खाली येतो. सापडला! मुद्दाम मुग्धासमोर मी मधुभाऊंना विचारलं, "रिकामं बसून का तापतं हो हे? तुमच्या सांगण्यात काही राहिलं का?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "साहेब, एक मिनिट डोळे मिटून बसा. काहीच करू नका."

मी बसलो.

"काय चाललं होतं डोक्यात?"

त्यांच्या बशीत किती काजू आहेत हे चाललं होतं. मी म्हणालो, "नामस्मरण."

"देखो! रिकामं कोणी नसतंच. हा पण आतल्या आत अपडेट शोधतो, व्हायरस तपासतो, फायली लावतो. क्षणभर जोर लावला की तापतो, आणि मापायचा काटा त्याच्या पोटातच, म्हणून लगेच दिसतं. माणसाचं दिसत नाही, ते बरंय."

माझे कान गरम झाले होते. त्यांनी पाहिलं असावं. पोहे खात राहिले.

मागच्या थंडीत मधुभाऊ गेले. आम्ही तिघं खासगी बाजारात त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी आतून एक वही आणून मुग्धाच्या हातात दिली. "तुझीच आहे गं ही. तू काही विचारलंस की लिहून ठेवायचे. दोन-दोन दिवस वाचत बसायचे, आमच्या मुलाला फोन करायचे, मग तुमच्याकडे यायचे. 'रिकाम्या बसल्या का तापतो' हे बाबांच्या आधी तूच फोनवर विचारलं होतंस ना, त्यावर तर चार पानं आहेत." मुग्धा तिथेच वहीवर डोकं ठेवून रडली.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्या वाईटाच्या तळाशी एक गार झुळूकही होती. मुग्धा वही छातीशी धरून पुढे चालत होती. मी हळूच बायकोला म्हणालो, "म्हणजे त्यांनाही येत नव्हतं की!"

"नव्हतंच येत," ती म्हणाली. "पण ते तसं तिला सांगायचे. म्हणून ती त्यांना विचारायची."